डावी बाजू

दार उघडलं, चपला निघाल्या, सॅक भिंतीला टेकली, हे सगळं सिंधूला ऐकू आलं. पण ती उठली नाही. पडद्यावर तिची निळी गाडी उतारावरून ओल्या मातीत शिरली होती. एक वळण आणि पुढचा सरळ पट्टा एवढंच राहिलं होतं, आणि तिची तीन बोटं बाणांच्या बटणांवर होती. "आई, काय करून राहिलीस तू?" ऋतुजानं मागून विचारलं. दुपारचे दोन वाजले होते. एरवी ऋतुजा सहाच्या आत क्लासमधून कधी यायची नाही. सिंधूनं मान वळवली नाही. "थांब जरा," ती म्हणाली, "लेफ्ट थ्री हाय." तिनं वळण घेतलं, मागची चाकं घसरली, ती सावरली, पट्टा ओलांडला, आणि पडद्यावर वेळेचे आकडे यायच्या आत ती खुर्चीतून उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. काही न सुचून तिनं पोहे भिजवायला घेतले.

तशी एवढीशीच गोष्ट. सात-आठ सेकंद. पण पोह्यांवर पाणी शिंपडताना सिंधूच्या लक्षात आलं, की लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि या अठरा वर्षांत दाराशी कुणी आलंय आणि आपण हातातलं टाकून उठलो नाही असं आजवर एकदाही झालं नव्हतं. सासूबाईंची हाक आली की ती उठायची, दूध वर आलं की उठायची, नळाची पहिली फुसफुस ऐकली की हंडे घेऊन धावायची. जेवायला बसली तरी एक पाय दुमडून, एक उभा ठेवून बसायची. उठायला सोपं जावं म्हणून. आज पोटची पोर अवेळी दारात उभी राहिली आणि ती तिला थांब म्हणाली. या शब्दाची तिला लाज वाटली असती तर बरं झालं असतं. लाजेशी तिची ओळख होती. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी हलत होतं, गार पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं, आणि त्याचंच तिला भय वाटलं. मागं ऋतुजा खुर्चीत बसून हसत होती. "आई, एवढा टाइम? हे किती दिवसांपासून चालू हाय?" "दिवाळीपासून," सिंधू म्हणाली. "मागच्या? अगं, आता श्रावण आला की." सिंधूनं कांदा चिरायला घेतला. पोरीनं पोहे खाल्ले, अंगावर ओढणी घेऊन झोपली, पाचला उठून पुस्तक घेऊन बसली. संध्याकाळी दिवा लावताना सिंधूच्या ध्यानात आलं: ती लवकर का आली, हे आपण विचारलंच नाही.

लातूरच्या ट्यूशन एरियात अशा खोल्या गल्लोगल्ली होत्या. तीन मजली घरात बारा खोल्या, प्रत्येक खोलीत एक ओटा, एक मोरी, एक पोरगं नाहीतर पोरगी, आणि तिच्यासोबत गाव सोडून आलेली एक आई. कुणी नायगावची, कुणी अहमदपूरची, कुणी थेट परभणीकडची. लेकराचा दहावीचा निकाल चांगला लागला की घरातलं एक माणूस वजा करून लातूरला पाठवायचं, अशी रीतच पडून गेली होती. या आया सकाळी साडेसहाला डबे भरायच्या, पोरं गेली की कपडे वाळत घालायच्या, आणि मग दिवसभर काय करायच्या ते कुणी विचारत नव्हतं. खोलीत टीव्ही ठेवायचा नाही, हा सगळ्यांचा न बोलता झालेला करार होता. सिंधू देगलूरहून आली होती. तिचा नवरा सुदर्शन तिथल्या हायस्कूलात गणित शिकवायचा, आणि ऋतुजा डॉक्टर होणार हे त्यानं पोरगी चौथीत असतानाच सिद्ध करून ठेवलं होतं. क्लासच्या सीडी बघायला हवा म्हणून त्यानं नांदेडहून एका सहकाऱ्याच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. तो मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला होता. "रोज एकदा चालू करत जा," सुदर्शननं जाताना बजावलं होतं, "बंद राहिला तर ओल धरतो." सुदर्शननं सांगितलेलं सिंधू करत आली होती. पोरगी क्लासला गेली की ती रोज तो चालू करायची, पाच मिनिटं समोर बसायची, बंद करायची.

दिवाळीनंतरच्या अशाच एका सकाळी पडद्यावरच्या चित्रांत एक बारीकशी निळी मोटार तिला दिसली आणि तिनं ती दाबली. पडदा काळा झाला. सिंधूला वाटलं, बिघडवला आपण. मग एक डोंगर आला, त्यावरून जाणारा मातीचा रस्ता आला, आणि कुणी पुरुष इंग्रजीत उलटे आकडे मोजायला लागला. कॉम्प्युटरला दोन स्पीकर होते, त्यांतला उजवा मुका होता. आवाज यायचा तो फक्त डावीकडून, खांद्याजवळून, शेजारी कुणी बसल्यासारखा. "राइट फाइव," तो म्हणाला. "लेफ्ट थ्री. कॉशन." सिंधूनं हातही लावला नव्हता, गाडी जागेवर गुरगुरत उभी होती. आणि त्या आवाजानं तिच्या अंगावर शहारा आला, कारण त्याचं बोलणं तिला कळलं होतं. इंग्रजी दहावीपुरतंच, पण तो काय करतोय ते तिला कळलं होतं. तो रस्ता वाचून दाखवत होता. पुढं काय आहे ते, दिसायच्या आधी, शांतपणे, चालवणाऱ्याला सांगत होता. हे काम जगात आणखी कुणी करतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिची समजूत होती की हे काम तिनं एकटीनंच केलेलं आहे.

तिचे वडील माणिकप्पा जळकोटला जीप चालवायचे. जळकोट-उदगीर, उदगीर-जळकोट, आत अकरा, मागं लटकलेले चार. सिंधू बारा वर्षांची असताना तुरीच्या राशीवर त्यांच्या डाव्या डोळ्यात वाळक्या काडीचं खुटार गेलं. डोळा जागेवर राहिला, दिसणं गेलं. बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही. जीप दुसऱ्याची होती आणि लायसनही एका डोळ्याला मिळत नव्हतं, म्हणून हे फक्त तिघांना माहीत होतं: आप्पांना, आईला आणि सिंधूला. सुट्टीच्या दिवशी, शाळा सुटल्यावर, बाजाराच्या फेरीला ती पुढच्या सीटवर डावीकडं बसायला लागली. लोक म्हणायचे, माणिकप्पाची पोरगी लई लाडाची. ती बसायची आणि सांगायची. डावीकडं बैलगाडी. डावीकडं पोरं. पुढं नाली. वळणांना दोघांनी नावं पाडली होती: साधं वळण म्हणजे कंबर, जरा जास्त वळलं की विळा, अगदी मागं फिरलं तर नाल, आणि इकडं-तिकडं करत जाणारा रस्ता म्हणजे बैलमूत. शेवटच्या नावावर तिला हसू यायचं आणि मागच्या बायका ऐकतील म्हणून ती ते कुजबुजायची. आप्पांनी तिला एकच नियम घालून दिला होता. "बाई, सगळा रस्ता सांगू नको. माणूस भितो. पुढचं तेवढं सांग."

तर त्या सकाळी, चार महिन्यांपासून मुक्या असलेल्या खोलीत, सिंधू आयुष्यात पहिल्यांदा उजव्या सीटवर बसली आणि डावीकडून कुणीतरी तिला पुढचं तेवढं सांगू लागलं. पहिल्या दिवशी तिनं गाडी सोळा वेळा झाडावर घातली. इंग्रजी आकड्यांचा अर्थ तिला आपटून आपटून कळला: आकडा जेवढा लहान तेवढं वळण वाईट. म्हणजे फाइव कंबर, थ्री विळा, आणि वन म्हणजे नालच. हे उमगलं तेव्हा ती एकटीच मोठ्यानं हसली आणि शेजारच्या खोलीतल्या नायगावच्या बाईंनी भिंतीवर टकटक करून विचारलं, काय झालं हो? काही नाही, पाल होती, सिंधू म्हणाली. त्या दिवसापासून सगळं उरकलं की ती दार लोटून घ्यायची, लोडशेडिंग संपायची वाट बघायची आणि तासभर बसायची. ही शर्यत तिला आवडायचं एक कारण असं, की शर्यत असून तिच्यात दुसरं कुणी नसतं. मागून हॉर्न नाही, पुढं जायचं म्हणून कुणाला दाबायचं नाही. सगळे एकेकटे जातात, तोच रस्ता, आपापल्या वेळी. मग शेवटी आकडे लावून बघतात. ट्यूशन एरियातल्या पोरांपेक्षा हे बरं, असं तिच्या मनात येई. इथं सगळी एकाच वळणावर एकदम घुसत होती.

ऋतुजानं पकडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधू गेमला बसली नाही. भाजी आणायला गेली आणि पाय तिला सिद्धलिंगच्या दुकानाकडं घेऊन गेले. सिद्धलिंग चाळिशीचा, जाडजूड, मूळचा देवणीकडचा. सीडीचं दुकान चालवायचा, आणि सिंधू त्याच्याकडं पावसाळ्याच्या आधीपासून येत होती. प्रथम तिनं मुलासाठी हवंय म्हणून सांगितलं होतं. सिद्धलिंगनं गाड्यांचे तीन गेम दिले, ती पंधरा दिवसांनी परत आली आणि तिनं एकेकाचं असं वर्णन केलं की तो समजायचं ते समजला. पण तोंडानं तो "मुलाला कसा वाटला?" असंच विचारत राहिला. पहिल्या गेममधली चित्रं डोळ्यांचं पारणं फेडणारी होती, समुद्र, बर्फ, सगळं खरं. पण रस्ता तुपातला. चाकाला काही कळतच नाही, डांबर काय अन् माती काय. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना माणसांचा गलका, गाणी, आणि गाडी दरीत कोसळली तरी पुन्हा उभी राहून तशीच पळायची. पडल्याची काही किंमतच नसेल तर सावरायचं कशासाठी, असं सिंधूला वाटलं. तिसरा फार खरा होता. इतका, की बटणांवर तो चालेचना. त्याला स्टिअरिंग पाहिजे, पायाशी क्लच-ब्रेक पाहिजे. त्यातला शेजारी बसणारा तर सारखा चिडलेला. चिडून सांगितलेलं वळण नीट घेता येत नाही. राहता राहिला तो नांदेडच्या मुलाचा जुनाच. त्यातली झाडं पुठ्ठ्याची, माणसं कागदाची. पण त्यात चिखलाला ओढ होती. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानातून गाडी काढताना चाक कसं आधी जड होतं, मग एकदम हलकं होऊन भलतीकडं धावतं, ते ज्यानं बनवलं त्यानं कधीतरी खऱ्या चिखलात गाडी घातली असणार.

आज दुकानात एक गृहस्थ मुलाच्या वाढदिवसाला काय न्यावं म्हणून उभे होते. "रॅलीचा सगळ्यात चांगला कोणता?" त्यांनी विचारलं. सिद्धलिंगनं सिंधूकडं बघितलं. "ह्या ताईंना विचारा. ह्यांच्या मुलाला लई माहिती हाय." सिंधूच्या हातात मेथीची जुडी होती. तिनं ती दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "चित्रं बघून घेऊ नका. शेजारी बसणारा कसा बोलतो ते ऐका. त्यानं वेळेवर सांगितलं पाहिजे; लवकर सांगितलं तर माणूस विसरतो, उशिरा सांगितलं तर उपेग न्हाई." गृहस्थांनी नवलानं मान डोलावली. "आणि मुलगा म्हणून कुणी न्हाई," सिंधू सिद्धलिंगला म्हणाली, "मीच खेळते." "हाव, ताई," सिद्धलिंग म्हणाला आणि त्यानं जुन्या गेमची चकती शोधायला पाठ फिरवली. रस्त्यावर आल्यावर मेथीची जुडी तिला फार हलकी लागली. आणि त्याच हलकेपणात तिनं ठरवलं, आज पोरीला विचारायचं.

विचारायला तिला फार शब्द लागले नाहीत. ऋतुजा संध्याकाळी आली, हातपाय धुऊन गच्चीत वाळलेले कपडे काढायला गेली, सिंधू मागं गेली. "काल लवकर का आली होतीस?" ऋतुजानं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघींनी चादर ताणली, घडी घातली. "टेस्टची यादी लागली होती," ऋतुजा म्हणाली. "मला खालच्या बॅचला टाकलं. फिजिक्समुळं. हे दुसऱ्यांदा झालं, आई. पहिल्यांदा मी सांगितलंच न्हाई तुला." चादरीची दुसरी घडी पडली. "मी देगलूरला परत जायचं म्हणून सांगायला आले होते. सगळं ठरवून, रडायचं ठरवून आले होते. अन् तू म्हणलीस, थांब." ती हसली, तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "मला आधी राग आला. मग वाटलं, बरंय की. आईलापण काहीतरी हाय. सगळं माझ्यावरच न्हाई."

क्षणात सिंधूला सगळा रस्ता दिसला: खालची बॅच, त्याखालची बॅच, बोर्ड, प्रवेश परीक्षा, निकालाची दुपार, सुदर्शनचा चेहरा, देगलूरच्या घराच्या ओसरीवर येऊन बसणारे लोक आणि त्यांचं न विचारल्यासारखं विचारणं. ते सगळं तिच्या ओठांशी आलं. आईपणाचा सगळा अभ्यास तोच होता: पुढचं सगळं एकदम दिसणं आणि ते एकदम बोलून टाकणं. गच्चीवरून खाली क्लासच्या पाट्या दिसत होत्या, त्यांवर हसणाऱ्या पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या खाली आकडा. ती चादर छातीशी धरून उभी राहिली. उजवीकडं बसलेल्या माणसाला किती सांगायचं असतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? "उद्या कितीला क्लास हाय?" तिनं विचारलं. "खालच्या बॅचचा? साडेसातला." "बरं. मग डबा सातला भरते." ऋतुजा तिच्याकडं बघत राहिली, आणखी काहीतरी येईल म्हणून. आलं नाही. मग तिनं दोरीवरचे उरलेले चिमटे गोळा केले आणि आईच्या ओंजळीत टाकले.

पुढची हकिकत सांगून टाकायची तर ऋतुजा खालच्याच बॅचमध्ये राहिली, तिथल्या एका बाईंनी तिला फिजिक्स पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, आणि उन्हाळ्यात निकाल लागला तेव्हा डॉक्टरकीच्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं होतं आणि गुराढोरांच्या डॉक्टरकीच्या यादीत अगदी वर होतं. उदगीरच्या कॉलेजात. सुदर्शननं फोनवर विचारलं, "तिला काय वाटतं?" हा प्रश्न त्यानं यापूर्वी कधी विचारला नव्हता. "ती खुश हाय जी," सिंधू म्हणाली, आणि ते खरं होतं. पण हे सगळं पुढचं. त्याआधी थंडीत आप्पा आले.

आप्पांच्या उजव्या, म्हणजे एकुलत्या एक डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. आई जाऊन चार वर्षं झाली होती, जीप तर कधीच सुटली होती. जळकोटला ते चुलतभावाच्या घरी राहत. मोतीबिंदू थंडीत काढायचा असतो, पुढच्या थंडीत बघू, असं म्हणत त्यांनी तीन हिवाळे घालवले. खरं कारण वेगळं होतं. हा डोळा गेला तर दुसरा नव्हता. शेवटी सिंधूनंच जाऊन त्यांना आणलं. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. डॉक्टर म्हणाले, चांगलं झालं, उद्या सकाळी पट्टी काढू. तोवरचा दिवस मात्र आप्पांना पुरता अंधार होता. रिक्षातून उतरल्यावर सिंधूनं त्यांचा हात धरला आणि सवयीनं सांगत गेली: पायरी, पुढं आणखी एक, डावीकडं भिंत. ते तिच्या शब्दांवर पाय टाकत तीन मजले चढून आले. खोलीत आल्यावर कॉटवर पाठ टेकून बसले. पांढऱ्या दाढीचे खुंट, डोळ्यावर हिरवं कापड, हात मांडीवर. दुपार झाली तरी ते झोपेनात. "तू तुझं काम कर," ते दोनदा म्हणाले. सिंधूचं सगळं काम झालं होतं. मग ती म्हणाली, "आप्पा, एक गंमत लावू का? आवाज येईल थोडा."

गाडी सुरू झाली तसे आप्पा ताठ झाले. त्यांनी मान तिरपी केली. दोन वळणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे शेजारचं काय सांगून राहिलंय?" "रस्ता सांगतोय, आप्पा. लेफ्ट थ्री म्हणजे डावीकडं विळा." "आन् चालवतंय कोण?" "मी." आप्पा थोडा वेळ ऐकत राहिले. "ते बरं सांगतंय," मग ते म्हणाले, "पण तू ब्रेक उशिरा मारतीस." सिंधू हसली. गाडी थांबवून ती खुर्ची फिरवून त्यांच्याकडं तोंड करून बसली. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आप्पांचा चेहरा कापडाखाली शांत होता, आणि कदाचित ते तिच्याकडं बघू शकत नव्हते म्हणूनच, एकोणीस वर्षं जे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघायला लागलं.

भूकंपाच्या वेळची गोष्ट. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, जळकोटलाही भांडी फडताळातून पडली होती. दुपारपर्यंत बातमी आली, संध्याकाळपर्यंत गावानं घराघरातून भाकरी आणि घोंगड्या गोळा केल्या, आणि दुसऱ्या दिवशी आप्पांची जीप किल्लारीच्या बाजूला निघाली. आई नको म्हणत होती, पोरगी सोळा वर्षांची. आप्पा म्हणाले, ती नाही आली तर मला जाता येणार नाही. पाऊस लागला होता. औसा-निलंग्याकडचे रस्ते ट्रकांनी, जिपांनी, पायी जाणाऱ्यांनी भरले होते, आणि सिंधू डावीकडं बसून सांगत होती. एका गावाजवळ रस्ता गावाला वळसा घालून गेला होता. गाव सगळं डावीकडं होतं. गाव नव्हतंच, दगड होते. "मी तुम्हाला म्हणलं, डावीकडं दगड हायेत, उजवीकडनं काढा," सिंधू म्हणाली. "तेवढंच म्हणलं. पण आप्पा, त्या दगडांवर एक बाई बसली होती. मांडीवर पोरगी घेऊन तिची वेणी घालून राहिली होती. लाल रिबीन. मला वाटलं, हिला आता वेणी कशी सुचली. गाडी पुढं गेल्यावर मला त्या पोरीचे पाय आठवले. धुळीनं राखेसारखे. हलत नव्हते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या त्या बाजूला दिसत नव्हतं. म्हणलं, बरं झालं. तुम्हाला गाडी चालवायची होती. नंतर सांगावं तर कशाला सांगावं. तुम्हाला दिसलं न्हाई, हेच मला बरं वाटत आलं."

आप्पांच्या मांडीवरच्या हाताची बोटं एकदा मिटली, उघडली. "बाई," ते म्हणाले, "आपण येताना त्याच रस्त्यानं आलो."

सिंधूच्या हातातला पदर तसाच राहिला.

"येताना गाव माझ्या बाजूला होतं," आप्पा म्हणाले. "तू झोपली होतीस, म्हणून मी गाडी अगदी हळू आणत होतो. रिकाम्या पोत्यावर डोकं ठेवून. ती बाई तिथंच होती. मी गाडी बाजूला घेतली. एक घोंगडं सीटखाली राहिलं होतं, नवं होतं, ते घेऊन गेलो. तिला काय सांगावं ते मला कळंना. नुसतं पुढं धरलं. तिनं पोरीला त्यात गुंडाळलं, नीट, पायापर्यंत. मग माझ्याकडं बघून म्हणली, दादा, हिला थंडी सोसत न्हाई. मी म्हणलं, हाव." त्यांनी डोळ्यावरच्या कापडाची कड चाचपून सोडली. "तू जागी झाली तवा आपण पार पुढं आलो होतो. तू विचारलंस, थांबलो होतो का? मी म्हणलं, पाणी घातलं गाडीत. मला वाटलं, तू जाताना रस्त्याकडंच बघत होतीस, तुझा आवाज इतका सरळ होता. म्हणलं, लेकराला दिसलं न्हाई, बरं झालं."

खोलीत ऊन आलं होतं. थंडीतलं, कॉटच्या पायापर्यंत पोचणारं. येतानाचा रस्ता सिंधूनं कधी मोजलाच नव्हता. एकोणीस वर्षं तिच्या मनात ती जीप फक्त जात होती. त्या पोरीचे उघडे पाय तिला भांडी घासताना दिसले होते, ऋतुजाची पहिली वेणी घालताना दिसले होते, त्या वेळी तर हातातली रिबीन खाली ठेवून ती बाहेर जाऊन उभी राहिली होती. आणि त्या सगळ्या वर्षांत ते पाय झाकलेले होते. नीट, घोंगड्यात, आप्पांनी नेऊन दिलेल्या. ती उठली, आप्पांच्या पायावरचं पांघरूण सरळ केलं, तिथंच थोडी बसली. त्यांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "चहा ठेवू?" तिनं विचारलं. "नको. ते लाव तुझं. मघाचा रस्ता अर्धाच राहिला."

तिनं खुर्ची वळवली. दोन-तीन वळणं तिनं नेहमीसारखी घेतली. मग मागं आप्पांचा श्वास लांब होत गेला, आणि तिनं बटणावरचं बोट सैल केलं. इंजिनाचा आवाज खाली आला. शेजारचा माणूस पुढचं वळण सांगून थांबला आणि ते वळण येईपर्यंत त्याला बराच वेळ गप्प बसावं लागलं. एवढ्या हळू ती या रस्त्यानं कधी गेली नव्हती. डावीकडं पाणी होतं, तलावासारखं. ते तिला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं. काठाला एक लाकडी घर, घराला निळं दार. पुठ्ठ्याची झाडं एकामागून एक सावकाश मागं जात होती, आणि एका झाडाखाली पिवळा कोट घातलेला कागदाचा माणूस हात वर करून उभा होता. सिंधूनं त्याच्याकडं नीट बघितलं. वरचे सेकंद धावत होते, ते तिनं धावू दिले. चढ लागला.

"तिसऱ्यात गुदमरतीय गाडी," आप्पा झोपेतून म्हणाले. "दुसरा टाक."

या गाडीचे गिअर आपोआप पडायचे; त्यांना बटणच नव्हतं.

"टाकला, आप्पा," सिंधू म्हणाली.